सव्वीस तास, पाच मिनिटं

"नेट स्लो चाललंय" ही तक्रार कुठल्याही ऑफिसात दिवसातून चारदा होते आणि तिच्यावरचं उत्तरही ठरलेलं असतं, "एकदा रीस्टार्ट करून बघा." यंत्र बंद पडलं की लगेच दखल घेतली जाते, फोनाफोनी होते, माणसं धावतात. ते नुसतं रेंगाळायला लागलं तर मात्र सगळ्यांनाच वाटतं, होईल थोड्या वेळात ठीक. बोस्टनच्या बेथ इस्रायल डिकनेस मेडिकल सेंटर या हार्वर्डशी संलग्न रुग्णालयात नोव्हेंबर २००२ मध्ये असंच वाटलं. बुधवारी दुपारी ईमेल जायला-यायला वेळ लागू लागला आणि गुरुवारी दुपारी रुग्णालयाला आपला तातडीच्या उपचारांचा विभाग बंद करावा लागला. आग लागली नव्हती, वीज गेली नव्हती, हॅकर आला नव्हता. रुग्णांच्या माहितीतलं एक अक्षर हरवलं नव्हतं. सगळं जागच्या जागी होतं, तिथवर पोचता तेवढं येत नव्हतं.

गुरुवार, १४ नोव्हेंबर २००२, दुपारी ३ वाजून ५० मिनिटं ही वेळ शून्य धरून हा घटनाक्रम मांडला आहे. मात्र तासांच्या आधी काही वर्षं मोजावी लागतात.

१७ वर्षं आधी

१९८५ मध्ये अमेरिकेतल्या डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनमध्ये रेडिया पर्लमन या संगणकशास्त्रज्ञ काम करत होत्या. त्यांच्यापुढचा प्रश्न आजही प्रत्येक नेटवर्कवाल्यापुढे असतो. दोन स्विचमध्ये, म्हणजे संगणकांच्या केबल एकत्र जोडणाऱ्या डब्यांमध्ये, एकच केबल असली तर ती तुटताक्षणी काम थांबतं, म्हणून खबरदारीपोटी दुसरी टाकायची. पण दुसरी टाकली की गोल रस्ता तयार होतो, आणि इथरनेटच्या जगात गोल रस्त्याइतकं घातक काही नाही. कारण इथरनेटवरून जाणाऱ्या फ्रेमवर, म्हणजे माहितीच्या पाकिटावर, आयुष्याची मर्यादा लिहिलेली नसते. 'सगळ्यांसाठी' म्हणून निघालेला निरोप स्विच प्रत्येक दारातून पुढे ढकलतो. रस्ता गोल असेल तर तो फिरून परत त्याच स्विचकडे येतो आणि स्विच त्याला नवाच समजून पुन्हा सगळीकडे पाठवतो. गावभर फिरून आलेली अफवा पारावर पुन्हा ताजी खबर म्हणून सांगितली जावी, तसं हे चालतं. फरक इतकाच की इथे ते सेकंदाला हजारो वेळा चालतं, आणि दर फेरीला अफवेच्या प्रती वाढत जातात. याला नेटवर्कवाले लूप म्हणतात, आणि त्यातून उठणाऱ्या वावटळीला ब्रॉडकास्ट स्टॉर्म.

पर्लमन यांनी यावर स्पॅनिंग ट्री नावाची रीत शोधली. सगळे स्विच आपसात बोलून एकाला मूळ ठरवतात, त्याच्यापासून झाडासारख्या फांद्या काढतात आणि ज्या केबलमुळे गोल तयार होईल तिचं एका टोकाचं दार बंद ठेवतात. केबल जागेवरच असते, पण झोपलेली. चालू फांदी तुटली की झोपलेलीला जाग येते. १९९० मध्ये आयईईई या संस्थेने ८०२.१डी या नावाने तिचं मानक केलं, आणि मग ती जगभरच्या स्विचमध्ये गेली.

पुढच्या गोष्टीसाठी या मानकातले चार आकडे लक्षात ठेवावे लागतील. मूळ स्विच दर २ सेकंदांनी 'मी आहे' असा छोटा निरोप पाठवतो. तो २० सेकंद आला नाही तर झोपलेलं दार समजतं की पलीकडचा रस्ता तुटला. मग ते आधी १५ सेकंद ऐकत राहतं, आणखी १५ सेकंद पत्ते शिकतं आणि वाहतूक सुरू करतं. म्हणजे एका दाराला पूर्ण जाग यायला ५० सेकंदांपर्यंत वेळ. आणि चौथा आकडा ७. नेटवर्कमधल्या कुठल्याही दोन यंत्रांमध्ये ७ पेक्षा जास्त स्विच नसतील असं धरून बाकीचे आकडे बेतले आहेत. ही मर्यादा सल्ल्याच्या रूपात आहे. आठवा स्विच लावला तर काही ठिणगी उडत नाही, कुठला दिवा लाल होत नाही. दहावा लावला तरी काम चालतंच.

६ वर्षं आधी

१९९६ मध्ये बोस्टनमधली दोन रुग्णालयं, बेथ इस्रायल आणि डिकनेस, एकत्र आली. दोन्ही जुनी, दोन्ही एकमेकांच्या शेजारी, लाँगवुड भागात. कागदावर विलीनीकरण झालं आणि मग खालच्या माणसांनी तारा जोडल्या. दोन संस्था एक होताना पदं, पगार आणि पाट्या यांवर महिनोन्‌महिने खल होतो, पण नेटवर्कवर कोणी बैठक घेतल्याचं ऐकिवात नसतं. इथेही तेच झालं. एक विभाग जोडला, मग एक इमारत, मग एक्स-रे आणि स्कॅनच्या चित्रांची पॅक्स ही प्रणाली. प्रत्येक वेळी प्रश्न एकच होता : चालतंय ना? चालत होतं. जाळं मात्र सपाट राहिलं, म्हणजे मधे राऊटरच्या भिंती नसलेलं, एकाच मोठ्या दालनासारखं. एका कोपऱ्यातला गोंधळ दुसऱ्या कोपऱ्यात ऐकू जाणार, अशी त्याची रचना.

१९९८ मध्ये जॉन हलामका या रुग्णालय-समूहाच्या संगणक विभागाचे प्रमुख झाले. ते स्वतः तातडीच्या उपचारांचे डॉक्टर. त्यांच्या काळात औषधांची ऑर्डर, तपासण्यांचे निकाल, रुग्णाचा इतिहास हे सगळं संगणकावर आलं, आणि अमेरिकेत या कामासाठी रुग्णालयाचं नावही झालं. वर इमारत चढत होती. पाया तोच राहिला.

काही आठवडे आधी

२००२ सालीच बाहेरचे सल्लागार नेटवर्क तपासून गेले होते. रचना जुनी झाली आहे, ती बदलायला हवी, असं त्यांनी सांगितलं आणि रुग्णालयाने ते मान्यही केलं. काम हळूहळू हाती घ्यायचं ठरलं होतं. हे मुद्दाम सांगतो, कारण अशा प्रसंगानंतर 'कुणी लक्षच दिलं नाही' असं म्हणण्याची पद्धत आहे. इथे लक्ष दिलं होतं, निदानही झालं होतं. औषध सुरू व्हायचं होतं.

काही काळ आधी

रुग्णालयातल्या एका संशोधकाने एक नवा प्रोग्राम चालवून बघायला घेतला. नेटवर्कवरच्या फायली आपण होऊन शोधायच्या, आपण होऊन त्यांच्या प्रती करून वाटायच्या, असं त्याचं काम. त्या काळात गाण्यांसाठी नॅपस्टर गाजलं होतं, हा त्याचा वैद्यकीय भाऊ म्हणायला हरकत नाही. प्रोग्राम सुरू केला, त्याला लगाम घालायचं काम बाकी होतं, आणि संशोधकाच्या पत्नीला दिवस भरण्याआधीच कळा सुरू झाल्याचा निरोप आला. तो गेला, जायलाच हवं होतं. प्रोग्राम चालू राहिला. त्याला कोणी थांब म्हणेपर्यंत तो प्रती काढत राहणार होता.

२६ तास ५ मिनिटं आधी : बुधवार, दुपारी १.४५

हलामकांच्या लक्षात आलं की ईमेल जायला-यायला फार वेळ लागतोय. नेटवर्कच्या लोकांना विचारलं तर त्यांनाही ते आधीच जाणवलं होतं. मुख्य स्विचपैकी एकाकडून वाहतुकीचा मोठा लोंढा येत होता.

त्यांनी जे केलं ते पुस्तकातलं होतं. लोकल नेटवर्क मंद झालं की दुखणं कुठे आहे ते शोधायचा पहिला नियम म्हणजे भाग पाडा. एकेक तुकडा वेगळा करा. जो काढल्यावर वेग परत येईल, दोष त्यात. केबल खराब असो, एका टोकाला फुल डुप्लेक्स (एकाच वेळी बोलणं आणि ऐकणं) आणि दुसऱ्या टोकाला हाफ (एका वेळी एकच) असा घोळ असो, कुठलं नेटवर्क कार्ड वेडं होऊन कचरा ओकत असो, या रीतीने ते सापडतं. म्हणून त्यांनी जाळ्याचे काही भाग, ज्यांना व्हीलॅन म्हणतात, बंद करायला सुरुवात केली.

आणि इथेच घात झाला. स्पॅनिंग ट्रीच्या जाळ्यात कुठलाही तुकडा काढला किंवा परत लावला की स्विचना झाडाची फेरमांडणी करावी लागते. आधीच दमलेल्या यंत्रांना त्यांनी आणखी गणितं घातली. स्विच गणितात इतके गुंतले की बाकीचं काम सोडून बसले. वाहतूक थांबली. मंद असलेलं नेटवर्क आता बंद झालं.

चूक लक्षात आल्यावर त्यांनी सगळं पूर्ववत केलं आणि जाळं परत उभं राहिलं. त्या वेळी सुटकेचा निःश्वास टाकला गेला असणार. माझ्या मते त्या दुपारची सगळ्यात वाईट गोष्ट हीच, की ते परत उभं राहिलं.

त्यातली ५० सेकंदं

आत काय चाललं होतं ते एका स्विचच्या जागी उभं राहून बघायला हवं.

स्विचमध्ये साधी वाहतूक वेगवान चिप पार पाडतात, पण 'मी आहे' हा निरोप वाचायचं आणि झाडाचं गणित करायचं काम त्याच्या छोट्याशा प्रोसेसरकडे असतं. लोंढ्याने तो प्रोसेसर पार गुदमरलेला. दोन सेकंदं झाली, निरोप आला, वाचायला सवड नाही. चौथं सेकंद, सहावं, दहावं. पलीकडचा स्विच जिवंत आहे, नियमाने हाका मारतोय, पण अलीकडच्याला ऐकू येत नाही. विसाव्या सेकंदाला तो ठरवतो : पलीकडचा गेला. आता झोपलेली केबल उठवायला हवी. पंधरा सेकंद ऐकणं, पंधरा सेकंद शिकणं. पन्नासाव्या सेकंदाला दार उघडतं.

खरं तर पलीकडचा गेलेलाच नाही. जुनी फांदीही चालू, नवीही चालू. गोल पूर्ण झाला. ज्या रीतीने लूप टाळायचा, तिनेच तो तयार केला, तोही नियम न मोडता. निरोप गोल फिरू लागतात, प्रती वाढतात, प्रोसेसरवरचा ताण आणखी वाढतो आणि शेजारच्या स्विचलाही हाका ऐकू येईनाशा होतात. त्यालाही वाटतं, पलीकडचा गेला.

यात भर म्हणजे झाडाची मांडणी बदलली की स्विच आपली पाठ केलेली पत्त्यांची यादी लवकर विसरतात. कुठलं यंत्र कुठल्या दाराशी आहे हे माहीत नसलं की स्विच तो निरोप सगळ्याच दारांतून पाठवतो. म्हणजे ज्या वेळी वाहतूक कमी व्हायला हवी, नेमकी त्याच वेळी ती वाढते.

मध्येच लोंढा थोडा ओसरतो. प्रोसेसरला श्वास मिळतो, हाका ऐकू येतात, दारं मिटतात, जाळं ठीक होतं. स्क्रीनवर माणसाला दिसतं ते एवढंच : अडकलं, चाललं, अडकलं, चाललं. नेटवर्कवाल्यांच्या बोलीत याला फ्लॅपिंग म्हणतात.

सात स्विचच्या मर्यादेचा अर्थ इथे कळतो. निरोप एकेका स्विचमधून पुढे जाताना त्याचं वय वाढत जातं. टोकाच्या यंत्राला तो जुना आणि उशिरा मिळतो. सात उड्यांपर्यंत तेवढा उशीर गृहीत धरलेला आहे. त्यापुढे चांगल्या दिवशी निभावतं. बुधवार चांगला दिवस नव्हता.

बुधवार, संध्याकाळ आणि रात्र

नेटवर्क येत-जात राहिलं. अभियंते रात्रभर लूप शोधत बसले. संध्याकाळनंतर माणसं घरी गेली तशी वाहतूक घटली आणि जाळं बरं दिसू लागलं. रात्री बरं दिसणाऱ्या नेटवर्कवर भरवसा ठेवू नये हे या धंद्यातला कोणीही सांगेल. रिकाम्या रस्त्यावर खड्डे कळत नाहीत आणि दोष लपून राहिला की त्याला पकडायचीही सोय राहत नाही. मंद नेटवर्कचा दोष शोधायला ते मंद असताना बघावं लागतं, म्हणजे लोक ओरडत असताना.

गुरुवार, सकाळ

रुग्णालय जागं झालं. पाळी बदलली, संगणक चालू झाले, सकाळचे रक्ताचे नमुने प्रयोगशाळेत निघाले, राउंड सुरू झाले. वाहतूक चढली आणि फ्लॅपिंग परत आलं, कालच्यापेक्षा जास्त.

आता ज्या अवस्थेत रुग्णालय होतं ती पूर्ण बंद पडण्यापेक्षा बिकट होती. डॉक्टरने औषधाची ऑर्डर टाइप केली, बटण दाबलं, स्क्रीन थिजला. ऑर्डर गेली? गेली असेल तर पुन्हा पाठवली की दोनदा होणार. गेली नसेल तर रुग्ण थांबलाय. कागदावर लिहून द्यावं तर पाच मिनिटांत संगणक चालू होतो, आणि निम्मी नोंद कागदावर, निम्मी मशिनमध्ये. प्रयोगशाळेने निकाल तयार ठेवलाय, पण तो वॉर्डातल्या स्क्रीनवर येत नाही आणि प्रयोगशाळेला ते कळायची सोय नाही. सर्व्हर ठणठणीत. एकेका यंत्राला विचारलं तर प्रत्येक जण म्हणणार, माझं काही बिघडलेलं नाही.

शून्य : गुरुवार, दुपारी ३.५०

रुग्णालयाने तातडीच्या उपचारांचा विभाग बंद केला. येणाऱ्या रुग्णवाहिकांनी दुसरीकडे जावं. लाँगवुड भागात मोठी रुग्णालयं एकाला लागून एक आहेत, हे नशीबच. एखाद्या आडगावात एकुलतं एक रुग्णालय असतं तर त्या रुग्णवाहिका कुठे गेल्या असत्या?

विभाग चार तास बंद होता. संध्याकाळी ७.५० ला पुन्हा उघडला. पण नेटवर्क सुधारलं नव्हतं.

शून्यानंतर

गुरुवारीच सिस्को या स्विच बनवणाऱ्या कंपनीला बोलावलं गेलं. कंपनीने आपले तज्ज्ञ आणि सामान बोस्टनला धाडलं. त्यांना पहिल्यांदा हवा होता नकाशा : कुठला स्विच कुठे, कुणाला जोडलेला. रुग्णालयाकडे होता तो नकाशा प्रत्यक्षाशी जुळत नव्हता. जाळं वर्षानुवर्षं वाढत गेलं, कागद मागे राहिला. म्हणून बाहेरून आलेल्या माणसांना आग विझवण्याआधी घराच्या खोल्या मोजत बसावं लागलं. हे आपल्याकडेही इतकं ओळखीचं आहे की त्यावर हसूही येत नाही. कुठलाही अनुभवी नेटवर्क इंजिनिअर नव्या ऑफिसात गेला की आधी जुन्या माणसाचा मोबाइल नंबर मागतो, कारण नकाशा त्याच्या डोक्यात असतो आणि तो नोकरी सोडून गेलेला असतो.

नकाशा काढता काढता पॅक्सचा दोष सापडला. एक्स-रेच्या चित्रांचं ते जाळं मूळ स्विचपासून सात नव्हे, दहा उड्या लांब होतं. तो धागा सोडवला, नवा राऊटर मधे घातला, तर दुसरीकडे दुसरा लूप. सपाट जाळ्यात असे सांधे किती असतील हे कुणालाच सांगता येत नव्हतं.

मग शुक्रवारी तो निर्णय झाला, ज्याच्यासाठी ही गोष्ट लक्षात ठेवावी. हलामका आणि रुग्णालयाच्या वरिष्ठांनी ठरवलं : नेटवर्क आहे-नाही हा खेळ बंद. रुग्णालयापुरतं नेटवर्क नाहीच असं धरायचं आणि सगळं काम कागदावर करायचं. अभियंत्यांना हवं तेवढं उघडून बघू दे, त्यांच्या पाठीवर कुणी बसणार नाही.

लगेच काम सुटसुटीत झालं असं नाही. ज्या तरुण डॉक्टरांचं सगळं शिक्षण संगणकावरच्या ऑर्डरमध्ये झालं होतं, त्यांनी कागदावर प्रिस्क्रिप्शन कधी लिहिलंच नव्हतं. ते कसं लिहायचं हे ज्येष्ठांनी त्यांना शिकवलं. कागद घेऊन वॉर्ड ते प्रयोगशाळा, प्रयोगशाळा ते वॉर्ड अशी माणसं पळत होती. हाताने वाचून हाताने नोंदवायचं म्हटल्यावर प्रयोगशाळेचं कामही कमी करावं लागलं. गरज असेल तीच तपासणी. पण एक मोठा फरक पडला. कागद चालतो तेव्हा चालतो. दिला की दिला, मिळाला की मिळाला. अडकलं-चाललं या अनिश्चिततेतून सगळे सुटले. या दिवसांत कुणा रुग्णाला गोंधळामुळे इजा झाल्याचं पुढे आलेलं नाही, आणि त्याचं मोठं श्रेय त्या पळणाऱ्या माणसांना द्यावं लागेल.

शनिवार-रविवार एकेक सांधा तपासून जोडण्यात गेले. सोमवारी, १८ नोव्हेंबरला, नेटवर्क पूर्ववत झाल्याचं जाहीर झालं.

बुधवारी दुपारीच बाहेरच्यांना बोलावलं असतं तर? गुरुवारी सकाळीच कागदावर गेले असते तर? हे प्रश्न हलामकांनी स्वतःलाच विचारले, तेही चार भिंतींच्या आड नव्हे. आपली फजिती ते पत्रकारांना सांगत सुटले. हार्वर्ड बिझनेस स्कूलमध्ये २००३ मध्ये या प्रसंगावर अभ्यासप्रकरण तयार झालं आणि न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये त्यावर लेख आला. तज्ज्ञांना बोलवायला कचरू नका आणि सगळं ज्ञान एकाच माणसाच्या डोक्यात राहू देऊ नका, हे त्यांनी स्वतः सांगितलेल्या धड्यांपैकी. संगणक विभागाच्या प्रमुखाने इतक्या मोकळेपणाने बोलणं तेव्हाही दुर्मीळ होतं, आजही आहे. आपल्याकडे तर अशा वेळी 'तांत्रिक कारणास्तव' हे दोन शब्द लिहिलेला कागद दारावर चिकटतो आणि विषय संपतो.

रुग्णालयाने जाळं नव्याने बांधलं. मधे राऊटरच्या भिंती आल्या. राऊटरवरून जाणाऱ्या आयपी पॅकेटवर आयुष्याचा आकडा लिहिलेला असतो आणि प्रत्येक राऊटर त्यातला एक कमी करतो. शून्य झाला की पॅकेट टाकून दिलं जातं. त्यामुळे वाट चुकलेला निरोप कायमचा फिरत राहत नाही, आणि एका इमारतीतला लूप त्या इमारतीपुरता राहतो. नेटवर्कमध्ये कुठलाही बदल करण्याआधी तो तपासून मंजूर करायची शिस्त आली. आणि मुख्य जाळं पूर्ण गेलं तरी माहितीपर्यंत पोचता यावं म्हणून अगदी वेगळी वाट हवी, अगदी टेलिफोनच्या तारेवरचा मोडेम का होईना, हेही मान्य झालं. दोन स्विच, दोन केबल, दोन सर्व्हर ठेवून भागत नाही. दोन्ही एकाच जाळ्यात असतील तर दोन्ही एकदमच बुडतात.

स्पॅनिंग ट्रीची जलद आवृत्ती, जिच्यात ५० सेकंदांचं काम साधारण काही सेकंदांत होतं, तिचं मानक २००१ मध्येच निघालं होतं. पण मानक निघालं म्हणून कपाटातला जुना स्विच आपोआप शहाणा होत नाही. आपल्या दवाखान्यांत, पतसंस्थांत, शाळांच्या संगणक कक्षांत आजही बाजारातले स्वस्तातले आठ दारांचे स्विच बसलेले असतात, आणि त्यांतल्या बहुतेकांना स्पॅनिंग ट्री माहीतच नसते. तिथे लूप व्हायला दहा उड्या लागत नाहीत. लोंबणारी केबल बघवत नाही म्हणून कुणीतरी तिचं मोकळं टोक त्याच स्विचच्या रिकाम्या दारात खोचतं, किंवा टेबलावरच्या आयपी फोनच्या दोन्ही केबल भिंतीतल्या दोन सॉकेटांत जातात, आणि काम तमाम.

तेव्हा तुमच्या ऑफिसात नेट अचानक रेंगाळलं, इंटरनेटच नव्हे तर शेजारच्या खोलीतला प्रिंटरही दिसेना, तर इंटरनेटवाल्याला शिव्या देण्याआधी स्विचच्या कपाटाशी जा. सगळ्या दारांचे दिवे एकाच लयीत, न थांबता लुकलुकत असतील तर लूपचा संशय घ्या. आज-काल कुणी कुठली केबल लावली ते विचारा आणि तीच आधी काढा. एका वेळी एकच काढा, कुठली काढली ते लिहून ठेवा, आणि पूर्ण एक मिनिट थांबून मगच दुसरीला हात लावा.